नवतपा, एसीचा गॅस आणि वर-खाली दोन ओझोन

बुन्सेनबाई | २६ मे, संध्याकाळी ६:१२

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच: 'ओझोनला भोक पडले म्हणून नागपूर तापत आहे, एसी बंद करा.' खाली हात जोडलेल्यांची रांग. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसवत नाही. उत्तर लिहायला घेतलं ते लांबतच गेलं, म्हणून इथे धागा काढतेय.

आधी सरळ गोष्ट. ओझोनचा थर विरळ झाल्यामुळे पारा चढत नाही. तो थर साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो आणि सूर्याचे अतिनील किरण अडवतो. त्यातले 'क' प्रकारचे पूर्ण अडतात, 'ब' बरेचसे अडतात, 'अ' जवळपास सगळेच खाली येतात. थर विरळ झाला तर 'ब' किरण वाढतात. ते कातडीला आणि डोळ्यांना वाईट, पण एकूण उन्हात त्यांचा वाटा इतका कमी की त्यांनी सीताबर्डी तापत नाही. नागपूर तापतं कारण समुद्र कुठल्याच बाजूला जवळ नाही, वायव्येकडून कोरडा वारा येतो, आणि मे संपता संपता सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो. आज-उद्या दुपारी बारा दहाच्या सुमाराला अंगणात काठी उभी करून बघा, सावली सापडणार नाही. वर आपले सिमेंटचे रस्ते आहेतच. या सगळ्यावर हरितगृह वायूंची चढती कमान.

मग फॉरवर्ड निव्वळ खोटा का? इथे गंमत आहे. एसी-फ्रिजमधल्या गॅसचा दोन्ही भानगडींत हात आहे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, वर जाऊन ओझोन फोडतात. पुढच्याच वर्षी वीरभद्रन रामनाथन यांनी दाखवलं की तेच सीएफसी उष्णता धरून ठेवतात, आणि रेणूमागे रेणू मोजला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट. हे रामनाथन अमेरिकेत जाण्याआधी सिकंदराबादला रेफ्रिजरेशनच्या कंपनीत कामाला होते. काम काय, तर यंत्रांतून गॅस का गळतो ते शोधणं. म्हणजे 'थर' आणि 'तापमान' या दोन वेगळ्या गोष्टी, पण गळणारा पाइप एकच.

आता मुख्य प्रश्न, जो कुणी विचारत नाही: तापमानवाढीने ओझोनच्या थराचं काय होईल?

कार्बन डायऑक्साइड वाढला की खाली तापतं, पण वर, ओझोनचा थर असतो त्या स्थितांबरात, थंड होतं. तिथला कार्बन डायऑक्साइड उष्णता अवकाशात फेकून देतो. अगदी वरच्या भागात थंडीमुळे ओझोन खाणाऱ्या अभिक्रिया मंदावतात, म्हणजे तिथे ओझोनचा फायदा. ध्रुवांवर उलट. तिथे अतिथंडीत बर्फाचे आणि आम्लाचे सूक्ष्म कण असलेले ढग तयार होतात आणि त्या कणांच्या पृष्ठभागावर सीएफसीमधून आलेला, ओझोन फोडणारा क्लोरीन मोकळा सुटतो. १९८६ मध्ये सुझन सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उलगडलं. उत्तर ध्रुवावरचा हिवाळा वर जास्त थंड गेला तर तिकडेही थराचं मोठं नुकसान होतं. २०११ आणि २०२० च्या वसंतात झालं.

आणि आपलं? विषुववृत्ताच्या आसपास हवा वर चढते, ध्रुवांकडे सरकते आणि तिथे खाली उतरते. पृथ्वी तापली की हे चक्र वेगाने फिरेल असं हवामानाची जवळपास सगळी संगणकी प्रारूपं सांगतात. हवा भरभर वर गेली की उष्ण कटिबंधावरच्या थराच्या खालच्या भागात ओझोन तयार व्हायला वेळ कमी मिळतो. म्हणजे क्लोरीन ओसरलं तरी आपल्या डोक्यावरचा थर पूर्वीपेक्षा किंचित पातळ राहू शकतो, आणि युरोप-अमेरिकेवरचा जाड होऊ शकतो. आपला थर मुळातच पातळ. सगळा ओझोन खाली आणून जमिनीवर पसरला तर जगाची सरासरी भरते तीन मिलिमीटर, आपली त्याहूनही कमी. आणि सूर्य सरळ डोक्यावर.

आरोग्यावरचं पुढे लिहिते, आधी प्रश्न येऊ द्या.

शंकासुर | रात्री ८:०५

बाई, छान लिहिलंत. पण २०२४ च्या मे अखेरीस नागपूर ५६ अंश झालं म्हणून देशभर बोंब झाली होती. नंतर कळलं, स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता. आपला खरा उच्चांक ४७.९, मे २०१३ चा. मग तो अंटार्क्टिकावरचा ओझोनचा खड्डा तरी यंत्राची चूक नाही कशावरून?

मेलबर्नी_वऱ्हाडी | रात्री ८:३१

शंकासुरा, तुझं नाव सार्थ आहे बे. 😄 इथे रात्र फार झाली, उद्या लिहितो.

बुन्सेनबाई | रात्री ९:२०

शंकासुर, अगदी हीच शंका त्या लोकांनाही आली होती. ब्रिटिश संशोधक अंटार्क्टिकात हॅली केंद्रावर १९५७ पासून डॉबसनच्या यंत्राने ओझोन मोजत होते. ऐंशीच्या दशकात ऑक्टोबरचे आकडे घसरायला लागले तेव्हा त्यांना आधी आपलंच यंत्र म्हातारं झालं असं वाटलं. दुसरं यंत्र नेलं. तेही तेच दाखवायला लागलं. दुसऱ्या केंद्रावरचे आकडे ताडून पाहिले. मग १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा लेख 'नेचर'मध्ये आला. ऑक्टोबरची सरासरी ३०० डॉबसनच्या (हे ओझोन मोजायचं एकक) आसपास असायची ती २०० च्या खाली.

नासाच्या उपग्रहालाही हे दिसत होतं. पण १८० च्या खालचे आकडे 'संशयास्पद' म्हणून बाजूला ठेवायचे असं त्यांच्या प्रणालीत लिहिलेलं होतं. म्हणजे सेन्सर खोटं बोलू शकतो हे मान्य. खरं बोलणाऱ्या सेन्सरवर अविश्वास दाखवला तर काय होतं तेही बघा.

शंकासुर | रात्री ९:२६

पटलं. पण मग ओझोन वाचवायचे व्हिएन्ना, माँट्रियल वगैरे करार झालेच ना? सीएफसी बंद झाले. आता काय टेन्शन?

काटोलचा_बहार | रात्री १०:४८

जेवून बसलो वाचत. मॅडम, आमच्याकडे संत्र्याची आंबिया बहाराची फळं या उन्हात टिकून नाही राहिली. जिकडून दुपारचं ऊन पडते त्या बाजूची साल करपते, मग गळ. कृषी केंद्रवाला म्हणते 'अतिनील किरणं वाढले'. खरं काय?

बुन्सेनबाई | रात्री ११:१०

बहारभाऊ, साल करपते ती मुख्यतः उष्णतेने. उन्हाकडच्या सालीचं तापमान हवेपेक्षा बरंच जास्त चढतं, पेशी मरतात. अतिनीलने भर पडत असेल, पण दोष सगळा त्याच्यावर टाकता येत नाही. तुमचा दुसरा संबंध मात्र थेट आहे, युरियाचा.

जमिनीत टाकलेल्या नत्रातला काही भाग, विशेषतः पाणी साचून राहिलं की, जिवाणू नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडतात. हा वायू शंभरेक वर्षं हवेत टिकतो, वर चढतो आणि तिथे ओझोन फोडतो. २००९ मध्ये ए. आर. रविशंकरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सीएफसीला आळा बसल्यावर आज माणूस ओझोन खाणारे जे वायू सोडतो त्यांत याचा नंबर पहिला. शिवाय हा हरितगृह वायूही. आणि माँट्रियल करारात याचं नाव नाही.

काटोलचा_बहार | रात्री ११:१९

म्हणजे आता आमच्याच माथ्यावर! कडुनिंबाचा लेप लावलेला युरिया येते आता, तो काय कामाचा?

बुन्सेनबाई | रात्री ११:२५

तुमच्या माथ्यावर नाही हो. तुमच्या खिशातून जाणारं नत्र आहे ते, झाडाला मिळायचं सोडून हवेत जातंय. २०१५ पासून सगळा युरिया निंबलेपित केला तो नत्र हळूहळू सुटावा म्हणून, त्याने वाया जाणारं कमी होतं. पण पाटाचं पाणी सोडून खत टाकलं तर लेपही फार काही करू शकत नाही. ठिबकमधून थोडं थोडं दिलंत तर तुमचंही भलं, ओझोनचंही.

मेलबर्नी_वऱ्हाडी | २७ मे, सकाळी ५:४०

गोकुळपेठेतला पोरगा, आता इकडे. दोन मुद्दे.

एक, इथे सत्तरीच्या आत दर तिघांतल्या किमान दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कर्करोग होतो. शाळेत नियम आहे: टोपी नाही तर मैदानात खेळ नाही. आपल्याकडचे पाहुणे म्हणतात, 'अरे तुमच्यावर तो खड्डा आहे ना!' तसं नाही. खड्डा दर सप्टेंबर-ऑक्टोबरला अंटार्क्टिकावर पडतो, डिसेंबरपर्यंत बुजतो, तेव्हा थोडी विरळ हवा इकडे येते एवढंच. मुख्य कारण म्हणजे गोरी कातडी आणि कडक ऊन. आपल्या सावळ्या रंगाने आपल्याला बरंच वाचवलंय, फेअरनेस क्रीमवाले काहीही म्हणोत.

दोन, शंकासुर म्हणाला 'आता काय टेन्शन'. २०१९-२० ला इथे जंगलं पेटली तेव्हा धूर इतका उंच गेला की स्थितांबरात शिरला, आणि त्या कणांवर पुन्हा ओझोन फोडणाऱ्या अभिक्रिया झाल्या. सोलोमनबाईंच्याच गटाने ते तपासलं. तापमान वाढलं की आगी वाढणार, आगी वाढल्या की हे पुन्हा पुन्हा. क्लोरीन वर अजून शिल्लक आहे तोवर तरी.

पुणेरी_पोळी | सकाळी ८:०२

आमच्याकडे संध्याकाळी वारा सुटतो. 🙂

शंकासुर | सकाळी ८:०४

पोळी, तू दर मे महिन्यात हेच लिहितोस.

पापणी | सकाळी ८:५०

नेत्रतज्ज्ञ म्हणून थोडं. कातडीने आपल्याला वाचवलं असेल, डोळ्याला तसं कवच नाही. 'ब' किरणांनी भिंगातली प्रथिनं बिघडतात आणि मोतीबिंदू लवकर येतो. वय, मधुमेह, तंबाखू ही कारणं आहेतच, पण आयुष्यभर उघड्यावर काम केलेल्यांत ऊन हा मोठा हिस्सेदार. दुसरा आजार खेड्यातून येणाऱ्यांत फार दिसतो. नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढऱ्या बुबुळावरून मांसाचा त्रिकोणी पापुद्रा काळ्या बुबुळावर चढत येतो. पेशंट म्हणतो, 'डॉक्टर, मांस वाढलं.' शेतकरी, गवंडी, डिलिव्हरीवाली पोरं. ऊन, धूळ, वारा, तिन्ही मिळून.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने हिशोब केलाय की माँट्रियल करारामुळे १८९० ते २१०० या काळात जन्मलेल्या तिथल्या लोकांत मोतीबिंदूचे सुमारे ६.३ कोटी रुग्ण टळतील. आपल्याकडे उघड्यावर राबणारे किती, विचार करा.

उपाय साधा: रुंद कडेची टोपी किंवा कपाळावर पुढे आलेला शेला, आणि 'यूव्ही ४००' लिहिलेला चष्मा. काळी काच म्हणजे अतिनील अडवणारी काच नव्हे. साध्या पारदर्शक काचेलाही तो लेप देता येतो. बर्डीच्या फुटपाथवरच्या गॉगलवर कुठलंही स्टिकर चिकटवलेलं मिळतं, त्यावर भरवसा नको. चष्म्याच्या दुकानात मीटर असतो, मिनिटभरात तपासून देतात.

उलटी बाजूही सांगतो. उन्हाळा इतका वाढलाय की लोक दिवसभर आत. मग ड जीवनसत्त्व कमी. या ऋतूत सकाळी थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून फिरा, भर दुपारी उन्हात उभं राहून ड जीवनसत्त्व कमवायची गरज नाही.

आर्वीची_सून | दुपारी १:३३

ताई, एक विचारू का? माझ्या मुलाला दमा आहे. दिवाळीनंतर त्रास होतो ते समजतं, धूर असतो. पण या वर्षी मे महिन्यात दुपारी क्लासहून आला की छाती भरते. आकाश तर निळंशार. मोबाइलवर हवेचं ॲप बघितलं तर प्रदूषक म्हणून 'ओ-३' लिहिलेलं. म्हणजे ओझोनच ना? तो तर चांगला ना?

बुन्सेनबाई | दुपारी ३:१५

ताई, या प्रश्नासाठी तुमचे आभार. धाग्याच्या नावातला दुसरा ओझोन तो हाच.

रेणू तोच. वर असला की किरण अडवतो, नाकाशी असला की फुफ्फुसाचं अस्तर भाजतो. वातावरणातल्या एकूण ओझोनचा साधारण दहावा हिस्सा हवेच्या खालच्या थरात असतो. तो कुठल्याही धुराड्यातून थेट निघत नाही. गाड्या आणि औष्णिक वीज केंद्रं यांतून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात (आपल्याकडे कोराडी, खापरखेडा उशाशीच आहेत). पेट्रोलची वाफ, रंगाचा थिनर, इतकंच काय झाडांतूनही सेंद्रिय वायू निघतात. यांवर कडक ऊन पडलं की ओझोन शिजतो. म्हणून सकाळी कमी, दुपारी एक ते पाच सर्वांत जास्त. ऊन वाढलं की अभिक्रिया जोरात, झाडंही जास्त वायू सोडतात, वारा पडला की सगळं साचतं. आकाश निळं असेल तेव्हाच ओझोनचा दिवस चांगला जातो.

हवामान बदलाचा तुमच्या मुलाच्या छातीशी संबंध तो असा. वरच्या थराने काही टक्के इकडेतिकडे व्हायला दशकं लागतील. खालचा ओझोन उन्हाच्या प्रत्येक लाटेबरोबर वाढतो. आपल्या मानकाप्रमाणे आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. मिथेनही जगभरचा खालचा ओझोन वाढवतो, तेव्हा कचऱ्याच्या ढिगाचाही यात वाटा आहे. आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पालापाचोळा जाळतात, त्यातून वणवे लागतात, तो धूरही.

व्यवहाराचं बोलायचं तर: मास्क, अगदी एन-९५ सुद्धा, ओझोन अडवत नाही, तो वायू आहे. दुपट्टा उन्हासाठी बांधा, ओझोनसाठी उपयोग शून्य. क्लास सकाळी मिळाला तर बघा. पळापळीचा खेळ सकाळी लवकर. रहदारीच्या चौकात ओझोन उलट कमी असतो, कारण धुरातला नायट्रिक ऑक्साइडच त्याला खातो. शहराबाहेर, वाऱ्याच्या दिशेला, जास्त. म्हणून 'मोकळ्या हवेत ने' हा सल्ला मे महिन्याच्या दुपारी लागू नाही. पंप कधी आणि किती, ते त्याच्या डॉक्टरांनाच विचारा.

आर्वीची_सून | दुपारी ३:४०

आमच्याकडे कूलर आहे. त्याने काही?

बुन्सेनबाई | दुपारी ३:५२

कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो, त्यामुळे बाहेर जे असेल ते थोडंफार आत येणार. पण म्हणून कूलर बंद करू नका! ४५ अंशांत उष्माघात हा ओझोनपेक्षा कितीतरी मोठा आणि तातडीचा धोका आहे. मुलाच्या खोलीपुरता दुपारचे काही तास एसी परवडत असेल तर खिडक्या लावून वापरा. आणि एक, 'ओझोन सोडून हवा शुद्ध करणारं' यंत्र कुणी विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. दम्याच्या मुलाच्या खोलीत मुद्दाम ओझोन सोडायचा, याहून उफराटं काय असणार.

शंकासुर | दुपारी ४:३०

म्हणजे फॉरवर्डवाला म्हणतो एसी बंद करा, बाई म्हणतात एसी लावा. 😄

गॅसवाला_मानेवाडा | २७ मे, रात्री ११:५५

आत्ता घरी आलो, सीझन आहे. धागा वाचला. मॅडम, तुम्ही ते रामनाथन साहेबांचं लिहिलं, वाचून लई बरं वाटलं. लीक शोधणारा माणूस एवढा मोठा शास्त्रज्ञ झाला.

मी एसीचंच काम करून राहिलो. लोकं फोन करतात, 'भाऊ, गॅस संपला, टाकून द्या.' आता गॅस काय पेट्रोल आहे का संपायला? बंद नळीत फिरते तो. कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे. पण लीक काढायला वेळ लागते, नायट्रोजनचं प्रेशर द्या, साबणाचं पाणी लावा, नट नव्याने फ्लेअर करा, मग व्हॅक्यूम. गिऱ्हाईक म्हणते, 'एवढे पैसे? समोरचा तर नुसतं टॉप-अप करून देते.' मग ते टॉप-अप पुढच्या मे महिन्यापर्यंत हवेत.

जुना मशीन काढताना तर पाहू नका. रीतसर काम म्हणजे पूर्ण गॅस आउटडोअरमध्ये ओढून घ्यायचा नाहीतर रिकव्हरी मशीनने सिलेंडरमध्ये. घाईत लोकं काय करतात, व्हॉल्व्हची टोपी काढली, अॅलन की फिरवली, नट सैल केला, फुस्स. तांब्याच्या नळीवर बर्फ धरते, हाताला लागला तर भाजल्यासारखं होते. मिनिटात सगळा खाली. वास नाही, रंग नाही, कोणाला काय समजते.

बुन्सेनबाई | २८ मे, सकाळी ७:१०

भाऊ, धाग्याचा गाभा तुम्ही लिहिलात. शंकासुर यांच्या 'आता काय टेन्शन'चं उत्तरही यातच आहे.

जुन्या एसींतला तुमचा आर-२२ गॅस ओझोन थोडा फोडतो आणि उष्णता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट धरतो. माँट्रियल करारानुसार आपल्याला त्याचा वापर २०३० पर्यंत ९७.५ टक्के कमी करायचाय. त्याच्या जागी ४१०-ए आला. ओझोनला अजिबात धक्का नाही, पण उष्णतेच्या बाबतीत २,००० च्या वर. म्हणजे आगीतून फुफाट्यात. म्हणून २०१६ मध्ये त्याच करारात किगालीची दुरुस्ती झाली, भारताने २०२१ मध्ये ती मान्य केली. आपण ४१०-ए सारखे हे एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) वायू २०२८ ला गोठवणार आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करणार. आर-३२ त्यातल्या त्यात बरा, ६७५ च्या आसपास. आर-२९० म्हणजे प्रोपेन, जवळपास निरुपद्रवी, पण ज्वलनशील, हात जाणकार हवा.

करार चालला तर थर १९८० च्या पातळीला येईल: बहुतेक जगावर २०४० च्या सुमारास, आर्क्टिकवर २०४५, अंटार्क्टिकावर २०६६. हे २०२२ चं आंतरराष्ट्रीय मूल्यमापन आहे. पण त्यात गृहीत धरलंय की कुणी लबाडी करणार नाही. २०१८ मध्ये सीएफसी-११ हवेत अचानक वाढलेला सापडला, माग पूर्व चीनपर्यंत गेला. बोभाटा झाल्यावर कमी झाला.

आणि उष्ण कटिबंधाचं मी वर लिहिलंच. तिथे नुसतं क्लोरीन नाही, तापमानही आटोक्यात आणावं लागेल.

काटोलचा_बहार | सकाळी ७:४५

ओझोन पिकालाही लागते का, खालचा?

बुन्सेनबाई | सकाळी ७:५०

लागतो. गहू आणि सोयाबीन जास्त हळवे. पानाच्या छिद्रांतून आत जातो, वरच्या बाजूला बारीक ठिपके पडतात, दाणा कमी भरतो. तुमच्या सोयाबीनवर तसे ठिपके दिसले तर फोटो टाका. कीड, रोग की हे, ते आधी कृषी सहायकाला दाखवा.

आर्वीची_सून | सकाळी ९:०५

गॅसवाले दादा, आमच्या सासऱ्यांच्या खोलीत जुना एसी आहे, आर-२२ चाच असणार. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. त्या खोलीत आता मुलाला दुपारी झोपवायचं म्हणते. काय करू, विकून टाकू का?

गॅसवाला_मानेवाडा | दुपारी २:२०

ताई, विकू नका. भंगारवाला नळी कापते अन् सगळा गॅस सोडून देते. आधी आउटडोअरच्या मागे दोन नट आहेत, एक जाड नळीचा, एक बारीक नळीचा. त्याच्या आजूबाजूला तेलकट, धूळ चिकटलेली दिसन तर लीक तिथूनच, गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही झिरपते. फोटो काढून इथंच टाका. मशीन बंद करून काढा पण, अन् दुपारी गच्चीवर जाऊ नका, संध्याकाळी जा.